व्हेनिसला एका दिवसासाठी बोटीने जायचंय? आधी परतीची बोट बघा

आमच्या नाशिकच्या सोसायटीत आत्तापर्यंत चार जणांनी विचारून झालंय, त्यामुळे पाचव्यांदा व्हॉइस नोट करण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. प्रश्न सगळ्यांचा एकच, की युरोपात मुलीकडे नाहीतर भावाकडे गेलोय, हाताशी एक दिवस आहे, व्हेनिस बघायचंय पण तिथल्या हॉटेलात राहायचं बजेट नाही, तर कसं करायचं. तर माझं म्हणणं असं की बाहेर राहा, साध्या पॅसेंजर बोटीने जा, आणि सकाळी निघतानाच संध्याकाळी कुठल्या धक्क्यावरून परतायचं ते पक्कं करा. यातलं शेवटचं आम्ही केलं नव्हतं, त्याची गंमत पुढे सांगतो.

आम्ही म्हणजे मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि आई, वय अडुसष्ट, गुडघे दोन्ही कुरकुरणारे. ताई आणि दाजी म्युनिकला असतात, दाजींनी गाडी काढली आणि आम्ही कावाल्लिनोच्या एका कॅम्पिंगमध्ये जाऊन राहिलो. कॅम्पिंग म्हटल्यावर आईला वाटलं तंबूत झोपायचंय, पण तिथे लाकडी घरं असतात, गॅस-भांड्यांसकट, आईने पहिल्याच रात्री तिथे मुगाची खिचडी टाकली. ही कावाल्लिनो म्हणजे समुद्र आणि व्हेनिसची खाडी यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी आहे आणि तिच्या टोकाला पुंता साब्बिओनी नावाचा धक्का आहे, तिथून व्हेनिसची बोट सुटते. शेजारच्या जेसोलो गावात राहिलात तर तिथून या धक्क्यापर्यंत बस आहे. आपली गाडी असेल तर धक्क्याजवळ पैसे देऊन दिवसभर लावायची सोय आहे, फक्त मोसमात सकाळी लवकर पोचा.

आता कोणी म्हणेल की व्हेनिससमोर जमिनीवर असलेल्या मेस्त्रेला राहून ट्रेनने दहा-बारा मिनिटांत व्हेनिस गाठता येतं, मग बोटीचा खटाटोप कशाला. बरोबर आहे, ट्रेन स्वस्तही आहे. पण रेल्वेचा पूल झाला १८४६ साली आणि मोटारींचा १९३३ साली, त्याआधी शेकडो वर्षं तिथे येणारा प्रत्येक माणूस, राजा असो नाहीतर मिठाचा व्यापारी, पाण्यावरूनच यायचा, त्यामुळे राजवाडा, मनोरा, देवळांचे घुमट सगळं पाण्यावरून येणाऱ्याने बघावं असं मांडलेलं आहे. ट्रेनने जाणं म्हणजे वाड्यात मागच्या दाराने मोरीतून शिरण्यासारखं आहे. वेळच नसेल तर जा, नाहीतर एकदा तरी पुढच्या दाराने जा.

पुंता साब्बिओनीहून १४ नंबरची बोट पकडायची. ती लिडो बेटाला थांबून सान झक्कारिया स्टॉपला जाते, तिथून व्हेनिसचा मुख्य चौक, सान मार्को, चालत पाच मिनिटांवर. वेळ पाऊण तासाच्या आतच लागतो आणि मोसमात साधारण अर्ध्या तासाला एक बोट असते. ही टूरवाल्यांची बोट नाही, सिटी बसच आहे पाण्यावरची, कामाला जाणाऱ्या बायका, शाळेची पोरं, सायकलवाले आणि आपण. धक्क्याच्या आसपास व्हेनिस अधिक मुरानो अधिक बुरानो असं पॅकेज विकणारे उभे असतात, त्यांच्याकडे बघून नुसतं हसायचं आणि पुढे जायचं. तीन बेटं एका दिवसात म्हणजे आपलं काळाराम, त्र्यंबक, वणी एका दिवसात करतात त्यातला प्रकार, सगळीकडे जाणं होतं आणि दर्शन कुठलंच धड होत नाही.

तिकिटाचं गणित नीट करा, इथेच पैसे वाचतात. आम्ही गेलो तेव्हा साधं तिकीट साडेनऊ युरो होतं आणि ते मशीनवर टेकवल्यापासून ७५ मिनिटं चालतं, तेवढ्यात बोट बदलली तरी चालते. २४ तासांचा पास २५ युरो. म्हणजे नुसतं जाऊन येणार आणि मधला वेळ चालणार असाल तर दोन तिकिटं, १९ युरो, पास घेऊ नका. तिसऱ्यांदा बोटीत बसणार असाल तर तीन तिकिटांचे साडेअठ्ठावीस होतात, मग पासच बरा. आम्ही बाकीच्यांनी तिकिटं काढली आणि आईला आणि तिच्यासोबत बसणाऱ्या मला पास घेतला, कारण आईला चालवणार किती? सहा वर्षांखालची मुलं फुकट. आणि पास असो की तिकीट, प्रत्येक वेळी बोटीत चढायच्या आधी धक्क्यावरच्या मशीनला टेकवून बीप ऐकायचा, दिवसाचा पास आहे म्हणून सकाळी एकदाच टेकवला असं चालत नाही, तपासनीस आला तर खिशात तिकीट असूनही दंड बसतो.

दुसरे पैसे म्हणजे शहराची एंट्री फी. हे २५ एप्रिल २०२४ पासून सुरू झालंय, रोज नसतं, वसंत आणि उन्हाळ्यातले गर्दीचे ठराविक दिवस असतात, पहिल्या वर्षी २९ दिवस होते, २०२५ मध्ये ५४. त्या दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात जुन्या शहरात येणाऱ्या एका दिवसाच्या पाहुण्याने आधी ऑनलाइन पैसे भरून क्यूआर कोड घ्यायचा, २०२५ चा दर असा की चार दिवस आधी भरले तर ५ युरो आणि उशीर केला तर १०. चौदा वर्षांखालच्यांना माफ. आता यात लोक फसतात ते असं, की व्हेनिसमध्ये हॉटेल असेल तर फी नाही हे ऐकलेलं असतं आणि ते खरंही आहे, अगदी मेस्त्रेत राहिलात तरी माफ, कारण मेस्त्रे व्हेनिसच्याच नगरपालिकेत येतं, पण कावाल्लिनो वेगळी नगरपालिका आहे, जेसोलोही वेगळी, तिथे राहणाऱ्याला भरावीच लागते. आपल्याकडे देवळालीत राहून नाशिक मनपाच्या सवलती मागण्यासारखं. मुरानो, बुरानो, लिडो या बेटांना ही फी नाही. दिवस दर वर्षी बदलतात, त्यामुळे तारीख ठरली की कॅलेंडर बघून घ्या आणि जमलं तर बिनफीचाच दिवस धरा, त्या दिवशी गर्दीही जरा कमी.

बोटीत कुठे बसायचं हे तिकिटापेक्षा महत्त्वाचं. १४ नंबरला बऱ्याचदा दोन मजली मोठी बोट असते, वरच्या मजल्यावर जा. सुटल्या सुटल्या डावीकडे समुद्राचं तोंड उघडं दिसतं आणि त्याच्या मधोमध एक सपाट, सिमेंटचं, अजिबात सुंदर नसलेलं बेट. लोक तिकडे बघतही नाहीत, मी मात्र दाजींना उठवून दाखवलं. हे मोसे, म्हणजे व्हेनिसला पुरापासून वाचवणारे दरवाजे. खाडीला समुद्राकडे जाणारी तीन तोंडं आहेत, तिन्ही मिळून ७८ दरवाजे तळाशी आडवे पडलेले असतात, पोटात पाणी भरलेलं. मोठी भरती येणार असं कळलं की आत हवा सोडतात, पाणी बाहेर जातं आणि दरवाजा हलका होऊन वर तरंगतो. पहिल्यांदा प्रत्यक्ष कामाला लागले ते ३ ऑक्टोबर २०२० ला. त्याच्या आदल्या वर्षी, १२ नोव्हेंबर २०१९ ला, पाणी १८७ सेंटीमीटर चढलं होतं, आणि सगळ्यात मोठा पूर १९६६ चा, १९४ सेंटीमीटर. आईला सेंटीमीटर कळेनात, मग मी म्हटलं, गोदावरीचा पूर ज्याच्यावरून मोजतात त्या आपल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी आलं की कसं, तसं. तेव्हा ती म्हणाली, मग मारुती नसताना मोजतात कशाने? तिथे मोठ्या कालव्याच्या तोंडाशी सालुते चर्चच्या टोकाला भरतीचं मोजमाप होतं, ते शून्य धरून सगळं शहर बोलतं.

उजवीकडे सांत एरास्मो बेट, सगळा भाजीपाला, जांभळ्या आर्टिचोकसाठी प्रसिद्ध, म्हणजे व्हेनिसचं आपलं मखमलाबाद समजा. त्यानंतर पाण्याला टेकलेला जुना किल्ला. वाटेत पाण्यात तीन-तीन लाकडी खांब एकत्र बांधून रोवलेले दिसतील, ते शोभेचे नाहीत, खाडी बहुतेक ठिकाणी इतकी उथळ आहे की बोटीला खोल वाट फक्त त्या खांबांच्या ओळीतच मिळते. लेक ते मोजत बसली आणि लिडो येईपर्यंत आकडा विसरली.

लिडो सोडलं की डाव्या बाजूचा कठडा धरा. आधी लहान बेटं जातात, मग सान जोर्जोचं पांढरं चर्च पाण्यातून उगवल्यासारखं येतं, आणि मग समोर थोडं उजवीकडे गुलाबी राजवाडा आणि विटांचा उंच मनोरा. हा मनोरा मूळचा नाही बरं, मूळचा १४ जुलै १९०२ ला सकाळी चक्क कोसळला, होता तसाच परत बांधून १९१२ ला उघडला. या शेवटच्या दहा मिनिटांत फोन खिशात ठेवा असं सांगणार होतो पण माझ्याच फोनमध्ये या दहा मिनिटांचे चौसष्ट फोटो आहेत, तेव्हा जाऊ द्या.

उतरताना एक माणूस बघायचा. बोटीवरचा खलाशी, एका हाताने जाड दोर धक्क्यावरच्या खुंटावर फेकतो, दोन वेढे देतो, बोट करकरत धक्क्याला टेकते, तो स्टॉपचं नाव ओरडतो आणि लोखंडी फाटक सरकवतो, सगळं मिळून तुमचं चप्पल सावरेपर्यंत झालेलं असतं. धक्का तरंगता असतो, तोही हलतो, बोटही हलते, आई म्हणाली हे हलतंय का मीच हलतेय. वयस्कर माणूस बरोबर असेल तर लोंढा उतरू द्या, खलाशी हात देतात.

शहरात शिरल्यावर पहिला नियम, उजव्या बाजूने चाला आणि पुलावर थांबू नका. गल्ल्या पंचवटीतल्या बोळांएवढ्या, काही तर त्याहून अरुंद, आणि कुंभातल्या पर्वणीसारखी माणसं, मध्येच कोणी फोटोला थांबला की मागे पन्नास जण तुंबतात. चौकात साडेआठला पोचलात तर अर्धा रिकामा मिळतो, अकरानंतर पाय ठेवायला जागा नाही. चौकातल्या सान मार्को चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मोठी सॅक आत नेता येत नाही, आणि रविवारी सकाळी त्यांची प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारनंतर. तिथून भिंतींवरच्या पिवळ्या पाट्या बघत रियाल्टोकडे जायचं, पाटीवर पेर रियाल्टो लिहिलेलं असतं, मॅपपेक्षा या पाट्या बऱ्या, कारण बोळात मॅपवरचा निळा ठिपका कालव्यात पोहताना दिसतो. रियाल्टोचा दगडी पूल १५९१ चा, त्याच्या पलीकडे भाजी आणि मासळीचा बाजार, दुपारच्या आत जा, रविवारी आणि सोमवारी मासळी नसते. आमच्याकडे मी आणि लेक खाणारे, आई माळकरी, ती पदर नाकाला लावून भाजीच्या बाजूला उभी राहिली आणि टोमॅटोचे भाव विचारायला लावले.

गोंडोला. हा विषय येतोच. सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, माणशी नाही, बोटीचे, संध्याकाळी सातनंतर ११०. आम्ही बसलो नाही. त्याऐवजी रियाल्टोच्या बाजारापाशी त्रागेत्तो असतो, म्हणजे मोठी गोंडोलाच, पण नुसती कालव्याच्या या काठावरून त्या काठावर नेणारी, दोन युरो. दोन-तीन मिनिटांची सफर आहे, पण गोंडोलात बसलो हे शपथेवर सांगता येतं.

गुडघे दुखणारं माणूस असेल तर हे वाचा. व्हेनिसला चारशेच्या वर पूल आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला पायऱ्या आहेत, दहा चढा दहा उतरा, तीन पुलांनंतर आईने कट्टा धरला. मग आम्ही दोघं सान झक्कारियाहून १ नंबरच्या बोटीत बसलो, ती मोठ्या कालव्यातून प्रत्येक स्टॉपला थांबत, डुलत डुलत सगळं शहर दाखवत जाते, एका टोकापर्यंत पाऊण तास. २ नंबर पटकन जाते, ती नको. पुढे किंवा मागे उघड्यावर जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं, आत काचेमागे बसलात तर एसटीच्या खिडकीतून बघितल्यासारखं. पासचे पैसे इथे वसूल झाले, बाकीचे तिघं तेवढ्यात पायी भटकून घामाघूम झाले आणि आई ताजीतवानी.

जेवणाचं सांगायचं तर दशम्या, चटणी आणि चिवडा बरोबर होता, पण कुठेही बसून डबा उघडू नका. सान मार्को चौकात, पुलांवर, चर्चच्या पायऱ्यांवर बसून खायला बंदी आहे, दंड होतो, कबुतरांना दाणे टाकायलाही २००८ पासून बंदी. त्यासाठी जार्दिनी स्टॉपजवळ झाडी आणि बाकं आहेत, तिथे निवांत जेवा. भारतातून नेताना मात्र लक्षात ठेवा, युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, त्यामुळे पेढे आणि तुपातले लाडू घरीच ठेवा, आईचा या एका कारणावरून युरोपवर अजून राग आहे. पाणी विकत घेऊ नका, चौकाचौकात नळ वाहत असतात, ते पिण्याचंच आहे. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायची, टेबलावर बसलात की तीच कॉफी महाग होते आणि सान मार्कोच्या चौकात तर बँड वाजत असेल तर त्या बँडचेही पैसे बिलात येतात. शाकाहाऱ्यांना पिझ्झा मार्गेरिता कुठेही मिळतो, पण सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे हे दोन शब्द पाठ करा, म्हणजे मांस नको, मासे नको, नाहीतर भाजीच्या सँडविचमध्ये टूना निघतो. वॉशरूमला दीड युरो, नाणी ठेवा. किंवा कॉफी प्यायलेल्या दुकानातच जाऊन या, एका दगडात दोन पक्षी.

ज्यांच्याकडे पास आहे आणि गुडघे शाबूत आहेत त्यांना दुपारनंतर एक करता येतं. शहराच्या उत्तर बाजूला फोंदामेंते नोव्हे नावाचा धक्का आहे, तिथून १२ नंबरची बोट बुरानोला जाते, पाऊण तास, रंगीत घरांचं कोळ्यांचं बेट, आणि तीच बोट पुढे त्रेपोर्तीला आणि काही फेऱ्यांना थेट पुंता साब्बिओनीला लागते. म्हणजे सकाळी एका वाटेने आलात तर संध्याकाळी दुसऱ्या वाटेने घरी, आलेलीच वाट तुडवायची नाही. फक्त कुठली फेरी पुंता साब्बिओनीपर्यंत आहे हे सकाळीच टाइमटेबलचा फोटो काढून बघून ठेवा, कारण त्रेपोर्तीला उतरलात आणि गाडी पुंता साब्बिओनीला लावलेली असली तर बसची वाट बघा.

मोसमाबद्दल थोडक्यात, नोव्हेंबर ते जानेवारी पाणी चढायचा काळ, चौक सगळ्यात सखल म्हणून तिथे आधी पाणी येतं, आता दरवाज्यांमुळे ते पूर्वीइतकं होत नाही, तरी ११० सेंटीमीटरच्या आतल्या भरतीला दरवाजे सहसा उचलत नाहीत आणि चौक त्याच्या आधीच ओला होतो. थंडीत धुकं पडलं की काही बोटींचे मार्ग बदलतात. आणि इटलीत संप होतो, जाहीर करून होतो, आदल्या रात्री शोपेरो हा शब्द टाकून बघून घ्यायचं, एवढंच.

कोणी क्रोएशिया किंवा स्लोव्हेनियात फिरत असेल तर तिकडूनही, पोरेच, रोविन्य, पिरान या गावांहून, उन्हाळ्यात जलद कॅटामरान येतात, साधारण अडीच-तीन तास, सकाळी येऊन संध्याकाळी परत. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशियात युरो आहे आणि तो शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटातही आला, त्यामुळे आता मध्ये पासपोर्टवर शिक्के नाहीत, पण पासपोर्ट जवळ असलाच पाहिजे. ती बोट उघड्या समुद्रातून येते, लागत असेल तर गोळी आधी घ्या. आणि मुख्य म्हणजे परतीची बोट एकच असते. चुकली तर त्रिएस्तेवरून अख्ख्या आखाताला वळसा घालून जमिनीवरून जा, दुसरा इलाज नाही.

आमच्या १४ नंबरचं तसं नाही, ती रात्रीपर्यंत असते, म्हणून आम्ही निष्काळजी राहिलो. संध्याकाळी साडेसहाला सान झक्कारियाला आलो, उतरलो होतो तेच नाव पाटीवर बघितलं आणि रांगेत उभे राहिलो. वीस मिनिटं उभे. सान झक्कारिया म्हणजे एक धक्का नाही, काठाने ओळीने चार-पाच तरंगते धक्के आहेत, प्रत्येकाला एबीसीडी अक्षर, आणि प्रत्येक नंबरची बोट ठराविक अक्षरालाच लागते. हे आम्हाला कळलं ते शंभरेक पावलांवरच्या दुसऱ्या धक्क्यावरून पुंता साब्बिओनी लिहिलेली बोट सुटताना बघून. दाजी धावले, अर्थात उपयोग शून्य. फाटक लागलं की खलाशी देवाला पण घेत नाही. मी दाजींकडे, दाजी माझ्याकडे, आणि आई शांतपणे म्हणाली, अरे सीबीएसच्या एसटी स्टँडवर तरी बघतोस ना फलाट नंबर?

पुढची बोट अर्ध्या तासाने होती. आई तेवढा वेळ बरोबर अक्षराच्या पाटीखाली बसून राहिली, आमच्यापैकी कोणालाही तिने तिथून हलू दिलं नाही.